मुलांकडे आहेराची वही नसते

जय ख्रिस्त, ताई.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. १४ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची उपासना असते. यंदा तिथे ‘विश्वास आणि प्रीती याबद्दल मुलं आपल्याला काय शिकवतात’ यावर दहा मिनिटांचा संदेश द्यायचं काम तुमच्याकडे आलंय. आणि घरी सहा वर्षांचा मुलगा नि तीन वर्षांची मुलगी दिवसभर खेळणी हिसकावतात, चावतात, तोंडावर खोटं बोलतात. मग ‘मुलं म्हणजे देवाघरची फुलं’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय.

तसं म्हणूच नका. मुलांच्या उपासनेतले निम्मे संदेश इथेच घसरतात. ‘मुलं निष्पाप असतात, आपणही तसं होऊ या’ हे ऐकलं की रात्रभर तान्ह्याला घेऊन जागलेली मागच्या बाकावरची आई मनात हसते, आणि तिचं चुकत नाही. तीन वर्षांचं मूल हिसकावतं, कारण ‘माझं’ हा शब्द त्याला नुकताच सापडलेला असतो. सहा वर्षांचा खोटं बोलतो, कारण आपल्या मनातलं आईला आपोआप कळत नाही हा शोध साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी लागतो, आणि लागला की तो वापरून बघितलाच जातो. वळण लावायचं, पण घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही.

म्हणजे खरा प्रश्न असा उरतो: सगळ्यात मोठा कोण, असं शिष्य विचारत होते तेव्हा प्रभू येशूने एक मूल त्यांच्यामध्ये उभं केलं, ते त्याच्या नेमक्या कुठल्या गोष्टीसाठी?

शुभवर्तमानांतले मत्तय १८, मार्क ९ आणि १०, लूक १८ हे अध्याय समोर उघडे ठेवा. निरागस, भोळं, गोड असा एकही शब्द तिथे सापडणार नाही. मत्तयात स्वतःला या बालकासारखं नम्र करण्याबद्दल आहे, पण मूल स्वभावानेच नम्र असतं असा दावा तिथेही नाही. मोठ्या माणसाने खाली उतरून मुलाच्या पायरीवर येऊन बसावं, एवढंच आहे. आता ती पायरी त्या काळी कुठे होती? इजिप्तमध्ये सापडलेल्या, इ.स.पूर्व १ मधल्या एका पत्रात कामासाठी अलेक्झांड्रियात राहिलेला नवरा गरोदर बायकोला कळवतो की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. त्याच पत्रात काळजी करू नकोस, मजुरी मिळाली की पाठवतो, असंही आहे. म्हणजे माणूस काही राक्षस नव्हता, त्या जगाची रीतच तशी होती. यहुदी घरांत ही चाल नव्हती, लेकरं परमेश्वराकडून मिळालेलं धन आहेत असं स्तोत्र १२७ सांगतं. पण लाड होणं वेगळं आणि गणतीत असणं वेगळं. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत येशूने गर्दीला जेवू घातलं, त्या चमत्कारानंतर मत्तय आकडा देतो तो बघा: स्त्रिया आणि मुलं सोडून सुमारे पाच हजार पुरुष. आणि त्या भाकरी कुणाच्या होत्या? योहान ६ मध्ये उत्तर आहे, एका मुलाच्या. ज्याच्या डब्यातून सगळे जेवले तोच मोजणीत नाही. (जवाच्या भाकरी म्हणजे त्या काळचं गरिबाघरचं खाणं, आणि त्या दोन मासळ्या म्हणजे भाकरीबरोबर तोंडी लावायचे बारके मासे. कोकणातल्या मंडळीत सुकटीचं नाव काढा, पुढचं सांगावं लागणार नाही.)

लूक तर आणखी पुढे जातो. त्याने वापरलेला मूळ शब्द तान्ह्या बाळांचा आहे. त्यांना कुणीतरी कडेवर घेऊन प्रभूकडे आलं होतं. तान्ह्याला पाठांतर येत नाही, चांगलं वागायचं ठरवता येत नाही, विश्वासाची कबुलीही देता येत नाही. त्याला फक्त उचलून घेता येतं. देवाचं राज्य ‘बालकाप्रमाणे स्वीकारणं’ यातलं क्रियापद ‘स्वीकारणं’ आहे, हे संदेश लिहिताना समोर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता या प्रसंगाचे शेजारी बघा. लूक १८ मध्ये याच्या लगेच आधी परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा) आणि जकातदार यांचा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. परूशी देवाला काय सांगतो? आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. आणि मुलांच्या लगेच नंतर एक श्रीमंत माणूस येतो नि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळायला मी काय करू? आज्ञा तर मी लहानपणापासून पाळत आलोय. एकीकडे हा, दुसरीकडे तो, आणि मधे ही तान्ही. लूकने हा क्रम सहज लावला असेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे लग्नात मांडवाच्या दाराशी एक जण वही घेऊन बसतो. अमुक मामा, ५०१ रुपये. तमुक काकू, स्टीलचा डबा. ख्रिस्ती लग्नातही ती वही असतेच. पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं की वही काढायची, तोलामोलाचं परत करायचं. परूशी देवापुढे ती वही उघडून उभा आहे. श्रीमंत माणूस तीच वही काखेत मारून आलाय. ‘इतकी वर्षं रविवार चुकवला नाही, मग आजारपण आमच्याच घरात का?’ हा प्रश्न पडतो तेव्हा आपल्याही हातात तीच असते. तो प्रश्न पाप आहे असं म्हणत नाही, दुःखात तो येणारच. पण मुलांकडे ही वही नसते, आणि माझ्या मते प्रभूने दाखवलं ते हेच. तुमच्या मुलीला बिस्किट दिलं तर ती ‘कशाला उगाच त्रास घेतलात’ म्हणते का? घेते आणि खाते. आणि अर्धं खाऊन झाल्यावर तेच लाळेने ओलं झालेलं बिस्किट तुमच्या तोंडात कोंबते. दोन्ही वेळा हिशेब नसतो.

ही नुसती कौतुकाची गोष्ट नाही. जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अठरा महिन्यांची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देत होती. कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीसही नव्हतं. २००८ मधला पुढचा प्रयोग आपल्या संडे स्कूलच्या शिक्षकांनी भिंतीवर लावावा असा आहे: वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळण्याचं बक्षीस दिलं, ती बक्षीस बंद झाल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. म्हणजे वही मुलाच्या हातात आपणच देतो. म्हणून मी शिक्षकांना सांगते की पाठांतराला बक्षीस चालेल, ते कष्टाचं काम आहे. पण चटया उचलल्या, लहानग्याला पाणी दिलं, रडणाऱ्याजवळ जाऊन बसलं, यावर तारा, चॉकलेट, टाळ्या काही नको. ‘तू पाणी दिलंस, तो रडायचा थांबला’ एवढं बोला. जे झालं ते सांगायचं, गुण द्यायचे नाहीत. सध्या तारे चालू असतील तर एकदम बंद करू नका, मुलांना ती शिक्षा वाटते. तिमाही संपेल तेव्हा संपवा.

दानाच्या थैलीचंही तेच. दाराशी आईने दहाची नोट हातात कोंबली आणि मुलाने थैलीत टाकली, यात मूल टाकायला शिकतं, द्यायला नाही. महिन्यातून एका रविवारी तरी ते त्याच्या स्वतःच्या साठवणुकीतून असू द्या, किती ते त्याला आदल्या दिवशी ठरवू द्या. दोन रुपये ठरवले तर दोन. ‘एवढंच?’ हा शब्द मात्र गिळायचा. आणि काहीच द्यायचं नाही असं त्याने ठरवलं, तर त्या रविवारी त्याला काही न टाकता थैली पुढे देऊ द्या.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. तुमची मंडळी बाळाचा बाप्तिस्मा करते की समर्पण करून मोठेपणी बाप्तिस्मा देते, यावरून या वचनांचा अर्थ लावताना मतभेद आहेत. दहा मिनिटांत त्यात शिरू नका, पाळकसाहेबांना आधी विचारून घ्या. दुसरं, सगळ्या मुलांचं बालपण सारखं नसतं. वसतिगृहातली मुलं असतील, वडील दारू पिऊन मारणारे असतील, तर ‘देव आपला बाप आहे, जसे तुझे पप्पा’ या वाक्याने त्या मुलाच्या पोटात गोळा येतो. देव बाप आहे हे सोडायचं नाही, पण सुरुवात तिथून करायची नाही. लहानांसाठी मेंढपाळापासून सुरुवात करा. सोफिया कावालेत्ती यांनी १९५४ पासून रोममध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम केलं आणि त्यांच्या सगळ्या पद्धतीचा पाया योहान १० मधला उत्तम मेंढपाळ हाच झाला, कारण मुलं पुन्हा पुन्हा त्याच गोष्टीकडे वळत. आपल्याकडे तर पावसाळा सरला की धनगरांचे वाडे रस्त्याने जाताना मुलांनी पाहिलेले असतात. सामानही फार लागत नाही: पुठ्ठ्याची दहा मेंढरं, एक मेंढपाळ, हिरव्या कापडाचा तुकडा, काड्यापेट्यांचं कुंपण. गोष्ट सांगताना तुम्ही मुलांकडे न बघता मेंढरांकडे बघा, म्हणजे मुलंही तिकडेच बघतात. मेंढपाळ मेंढरांच्या पुढे चालतो आणि नावाने हाक मारतो, हे दोन तपशील गाळू नका. मुलं मेंढरांना नावं देतील. हरवलेल्या मेंढराला एखादं मूल स्वतःचंच नाव देतं. तेव्हा गप्प बसायचं, ‘अरे वा’ म्हणायचं नाही.

आता प्रामाणिकपणाबद्दल, कारण मोठ्यांनी मुलांकडून शिकावं असं सगळ्यात जास्त मला इथे दिसतं. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला आपण वर्षानुवर्षं मान डोलवत ऐकतो. पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार, म्हणजे दिवसाची मजुरी, आणि तासभर काम केलेल्यालाही एक दिनार. मोठ्यांपैकी कुणी चिडत नाही. मुलं चिडतात. संदेशाच्या आधीच्या रविवारी हे एकदा करून बघा.

सहा ते दहा वयाची दहा मुलं, पाच जोड्या. शे-दीडशे चिंचोके जमिनीवर पसरा, प्रत्येक जोडीला एक वाटी. शेंगदाण्याच्या चिक्कीचे अगदी सारखे दहा तुकडे, तुटले तर म्हणून दोन जास्त. पहिल्या जोडीशी सगळ्यांसमोर ठरवा: शेवटपर्यंत वेचायचं, प्रत्येकी एक तुकडा, चालेल? ‘हो’ वदवून घ्या, पुढे ते कामाला येतं. त्यांनी सुरुवात केली की दर दोन मिनिटांनी पुढची जोडी आत, आणि त्यांना फक्त ‘योग्य ते देईन’ एवढंच सांगायचं. शेवटची जोडी आठव्या मिनिटाला येते, नवव्याला काम बंद. आता वाटप शेवटच्या जोडीपासून. हे फार महत्त्वाचं आहे. दाखल्यात मालकानेही तसंच सांगितलंय, आणि सगळी ठिणगी त्यात आहे. पहिल्यांना आधी दिलं तर ते खात खात निघून जातील, भांडण होणारच नाही. शेवटच्यांना एक मिळालेला बघून पहिली जोडी मनात दोन-तीनचा हिशेब करते, आणि हातात एकच पडतो.

मग ‘चीटिंग!’ अशी आरडाओरड होते. मिनिटभर होऊ द्या. नंतर पहिल्या जोडीला विचारा, आपलं काय ठरलं होतं? आणि शेवटच्या जोडीला विचारा, तुम्हाला कसं वाटलं? ‘मस्त’ असं उत्तर येतं, आणि खोलीतला वारा फिरतो. कुणीतरी म्हणतं की उशिरा आले तो त्यांचा दोष नव्हता, तुम्हीच त्यांना उशिरा बोलावलं. हे वाक्य दाखल्याच्या मर्मावर बोट ठेवतं, कारण तिथेही संध्याकाळपर्यंत उभे असलेले मजूर म्हणतात की आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मजूरअड्ड्यावर बाराला घरी परतणारे ज्यांनी पाहिलेत त्यांना ते लगेच कळतं.

बिघडतं कुठे? आरडाओरड थांबवायला कुणीतरी पहिल्यांना हळूच जास्तीचा तुकडा देतं, आणि झालं, दाखला तिथेच मेला. किंवा शिक्षक लगेच अर्थ सांगून मोकळा होतो. त्या दिवशी अर्थ सांगूच नका, रागासकट घरी जाऊ द्या. फक्त एक लक्षात ठेवा, घरात नेहमीच डावलल्या जाणाऱ्या मुलाला पहिल्या जोडीत घालायचं नाही. आणि चिंचोके चार वर्षांखालच्यांच्या हाती नकोत, नाकात जातात. तुमच्या धाकटीला तेवढा वेळ आजीकडे ठेवा.

संदेशात यातलं काय सांगाल? मुलं चिडली, कारण त्यांनी खरंच ऐकलं होतं. कृपा ही आहेराच्या वहीचा अपमान करते, आणि तो अपमान आपल्याला जाणवतही नसेल तर आपण दाखला ऐकलेला नाही.

प्रीतीकडे येते. मुलं लगेच समेट करतात असं आपण कौतुकाने म्हणतो. त्यात विसराळूपणाचा वाटा आहे हे मान्य करा, उगाच संतपद देऊ नका. पण दुसरंही एक कारण आहे: लगोरीला भिडू लागतो. खेळ पुढे चालू राहणं हे जिंकण्यापेक्षा मोठं वाटतं, म्हणून मूल परत येतं. आपल्याकडे, विशेषतः मंडळीच्या कमिटीत, उलटं असतं. ठराव आपला मंजूर झाला पाहिजे, मग निम्मी माणसं दुसऱ्या चर्चला गेली तरी चालेल. मत्तय १८ पूर्ण वाचा. मुलाला मध्ये उभं करून सुरू झालेला तो अध्याय हरवलेल्या मेंढरावरून भावाशी समेट कसा करायचा यावर येतो, आणि पेत्राच्या ‘किती वेळा क्षमा करू, सात वेळा का?’ या प्रश्नापर्यंत जातो. पेत्रही मोजतोच आहे.

वर्गात भांडण झालं तर जबरदस्तीने ‘सॉरी म्हण’ करू नका. त्यातून मुलाला एवढंच कळतं की हा शब्द टाकला की सुटका होते. दोघांना हातभर दूर बसवा. प्रत्येकाने एकदाच सांगायचं, मधे कुणी बोलायचं नाही. मग एकच प्रश्न: आता काय केलं तर बरं होईल? चित्र फाडलं असेल तर चिकटपट्टी आणून द्या, फाडणाऱ्याला चिकटवू द्या. पाच मिनिटं लागतात, आणि त्यात त्या दिवशीचं गाणं राहून जातं. जाऊ द्या.

प्रार्थनेबद्दल थोडं. मुलांची प्रार्थना आखूड आणि नेमकी असते: शेळीला पिल्लू होऊ दे, आज्जीचा गुडघा बरा कर, आमेन. आपण ती ‘सुधारतो’, आधी स्तुती कर, मग क्षमा माग, वगैरे. सुधारू नका. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतली ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ हीसुद्धा तितकीच आखूड आणि पोटाची मागणी आहे. प्रार्थना ऐकण्यासारखी वाटली तरी ती मुलाच्या नावानिशी इतरांना सांगायची नाही. ती तुम्हाला सांगितलेली नव्हती.

आणि आज्जी बरी झाली नाही, गेली, तर? हा प्रसंग येतोच, आणि मोठी माणसं तेव्हा जे बोलतात ते मूल वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. ‘देवाला ती आवडली म्हणून त्याने नेलं’ म्हणू नका, कारण मग आईही देवाला आवडेल की काय ही भीती सुरू होते. ‘झोपली’ म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. साधं सांगा: आज्जी मेली, तिचं शरीर बंद पडलं, आता तिला दुखत नाही, आपला विश्वास आहे की ती प्रभूजवळ आहे. पाच-सहा वर्षांखालचं मूल तरी चार दिवसांनी विचारेल, ‘परत कधी येणार?’ मरण कायमचं असतं हे त्या वयात नीट कळत नाही. पुन्हा तेच, त्याच शब्दांत सांगायचं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. लाजर या मित्राच्या थडग्याकडे जाताना येशूही रडला, आणि आपण त्याला उठवणार हे तर त्याला ठाऊक होतं.

याईराच्या मुलीचा प्रसंग तुम्ही घेणार असाल तर एक जागा दाखवते. मेलेल्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभू ‘तलीथा कूम’ (मुली, ऊठ) म्हणतो, ती उठते, सगळे थक्क होतात, आणि तो काय सांगतो? तिला काहीतरी खायला द्या. चमत्काराने डोळे दिपलेल्या माणसांत तिला भूक लागली असेल हे त्या एकट्यालाच सुचतं. मोठ्यांना ‘तलीथा कूम’ आठवतं. सात-आठ वर्षांच्या मुलांना विचारा, काय खायला दिलं असेल? पिठलं-भाकरी, दूधभात, मॅगी अशी यादीच सुरू होते. प्रीती म्हणजे काय यावर व्याख्यान देण्यापेक्षा ही यादी वाचून दाखवा.

एक प्रश्न आपल्याकडची ख्रिस्ती मुलं हमखास विचारतात, तो तुमच्यापर्यंतही येईल: ‘माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही, ती स्वर्गात येणार नाही का?’ मंडळ्यांची शिकवण यात सारखी नाही, आणि तुमच्या मंडळीची जी असेल तिच्याविरुद्ध जा असं मी सांगणार नाही. पण त्या मुलाचा सूर ऐका. त्याला सिद्धांत नकोय, मैत्रीण हवीय. ‘तू तिच्यावर प्रेम करतेस, देव त्याहून जास्त करतो’ इतकं खात्रीने सांगता येतं, तेवढंच सांगा. न्याय करण्याचं काम सात वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकू नका. शेजारी कोण, या प्रश्नावर प्रभूने उदाहरण दिलं ते परक्या मानलेल्या शोमरोन्याचं. गणपतीच्या प्रसादाचा मोदक खायचा की नाही, हे मात्र त्या घरच्यांवर सोडा, शिक्षकाने निकाल देऊ नये. फक्त कुणाच्या देवाबद्दल तुच्छतेचा शब्द मुलाच्या तोंडी वर्गातून जाता कामा नये.

हे सगळं ऐकू यायला मुलांना बोलायची जागा लागते. ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न काढून टाका. ‘येशू’, ‘प्रार्थना’ आणि ‘खोटं बोलू नये’ या तीन उत्तरांवर संडे स्कूल पार पडतं, हे मुलांना चौथ्या रविवारीच कळतं. त्याऐवजी विचारा: यातला कुठला भाग तुला आवडला? तू कुठे उभी असतीस? काय कळलं नाही? मग मनात दहापर्यंत मोजा. तीन-चारला तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, सात-आठला कुणीतरी बोलतं. पन्नास मिनिटांच्या तासात गोष्ट आठ-दहा मिनिटांच्या वर नको. बाकीच्यात चित्र, माती, खेळ आणि ही शांतता.

मुलांकडून शिकायच्या आधी त्यांना सुरक्षित ठेवणं येतं. लहानांना अडखळण होणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचं कडक वचन मत्तय १८ मध्येच, मुलाला उभं केल्यावर चारच ओळींनी आहे. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, कुणा एकट्या मुलाला एकट्या शिक्षकाने घरी सोडायचं नाही. लैंगिक छळाची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, ‘मंडळीतच मिटवू’ चालत नाही.

आता तुमची दहा मिनिटं. मुलाला पुढे बोलावून मांडीवर घेऊन सुरुवात करू नका. ते बावरतं, लोक हसतात आणि त्याचं दृष्टांतातलं बाहुलं होतं. सुरुवात शिष्यांपासून करा: मुलांना येशूकडे आणणाऱ्यांना त्यांनी का दटावलं असेल? गर्दी असेल, गुरू दमला असेल, मुलं गोंगाट करत असतील, म्हणजे कारणं तुमच्याआमच्यासारखीच. मार्क लिहितो की येशूला त्यांचा राग आला, आणि मूळ शब्द चांगला संतापाचा आहे. या प्रसंगातला तो राग फक्त मार्कानेच नोंदवलाय. याला दोन मिनिटं. मग पुढे-मागे असलेले परूशी आणि श्रीमंत माणूस, आहेराची वही, तीन मिनिटं. चिंचोक्यांचा खेळ केला असेल तर तीन मिनिटं त्याला द्या. तुमच्या घरातल्या हिसकाहिसकीचं एखादं वाक्य मोकळेपणाने टाका, पण मुलाला आधी विचारून. त्याने ‘नको’ म्हटलं तर नाही. उरलेल्या दोन मिनिटांत काही नवीन आणू नका. मार्क १०:१६ सावकाश वाचा. त्यात तो त्यांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो आणि आशीर्वाद देतो. तेवढं वाचून बसा.

बसण्याची व्यवस्था आदल्या दिवशी बघून ठेवा. मुलं पहिल्या दोन ओळींत सतरंजीवर, तान्ह्यांच्या आया पंख्याखाली आणि बाजूच्या दाराजवळ, म्हणजे जायचं असेल तर जाता येईल, पण जावंच लागतंय असं वाटणार नाही. संदेश चालू असताना एखादं मूल मोठ्याने रडायला लागलं की पाच-सहा माना मागे वळतील आणि कुणीतरी आईला बाहेर जायची खूण करेल. त्या क्षणी बोलणं थांबवा आणि माइकवरूनच सांगा, ‘राहू दे ताई, बसा.’ मग पुढचं वाक्य वाचा.